लाकडी ओट्याला तेल लावू की पीयू मारू?

या वेळी लाकडी ओट्याबद्दलच इतके प्रश्न आलेत की दरवाजे-खिडक्यांचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले, रागावू नका. पावसाळा संपला की लोक घराची कामं काढतात आणि हल्ली किचनमध्ये ग्रॅनाइटच्या जोडीला थोडं लाकूड हवं असं बऱ्याच जणांना वाटतंय. मला त्याचा मनापासून आनंद आहे. म्हणूनच नीट, वेळ देऊन उत्तरं लिहिलीयेत.

प्रश्न : ताई, कुडाळजवळ गावच्या घराचं काम काढलंय. आमच्याच जागेतला साग होता, वीस वर्षांपूर्वी कापून माळ्यावर ठेवलेल्या फळ्या, त्यातून सुताराने साडेसात फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड इंच जाड असा ओटा जोडून दिलाय. गॅस आणि सिंकच्या भागात ग्रॅनाइटच ठेवणार, मधला भाग लाकडी, म्हणजे भाजी चिरणं, पोळ्या, नारळ खोवणं सगळं तिथेच. पॉलिशवाला म्हणतो पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) मारून टाका, दहा वर्षं बघायला नको. मुलगी म्हणते तेलच लाव. एकदाच खर्च करायचाय, तर टिकाऊ काय?

उत्तर : सगळं भांडण त्या 'टिकाऊ' शब्दावरूनच आहे बघा. पॉलिशवाल्याचं टिकाऊ म्हणजे बरीच वर्षं हात लावावा लागत नाही, आणि मुलीच्या मनातलं टिकाऊ म्हणजे बिघडलं तर आपल्या हाताने परत नीट करता येतं. दोघांचंही खरं आहे, पण रोज ज्यावर काम होतं अशा ओट्यासाठी मी मुलीच्या बाजूची आहे. का ते सांगते.

फिनिशचे ढोबळ दोन प्रकार. एक लाकडावर थर धरणारे : पीयू, मेलामाइन, लाखेचं स्पिरिट पॉलिश. दुसरे लाकडात मुरणारे : जवसाचं तेल, टंग तेल (टंग झाडाच्या बियांचं), आणि हल्ली मिळतं ते हार्डवॅक्स ऑइल, म्हणजे वाळणारं वनस्पती तेल आणि मेण यांचं मिश्रण. थराचं फिनिश जोवर अखंड आहे तोवर त्याला तोड नाही, हे मी अगदी प्रामाणिकपणे सांगते. पण ओट्यावर ते अखंड राहात नाही हो.

मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाला हे काही केल्या पटेना, तेव्हा मी सागाचा कापून उरलेला एक तुकडा घेतला आणि त्यावर चार पट्टे केले. एकावर टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचं, दोन डब्यांचं), खाली सीलरचा हात आणि वर दोन कोट, दुसऱ्यावर लाख पॉलिश, तिसऱ्यावर जवसाच्या तेलाचे पाच हात, चौथ्यावर हार्डवॅक्स ऑइलचे दोन हात. महिनाभर सुकू दिलं. मग एका रात्री प्रत्येक पट्ट्यावर ओल्या हळदीचा ठिपका, अर्धं लिंबू उपडं, कोकमाच्या आगळाचे चार थेंब, एक ओला केलेला लोखंडी खिळा आणि उकळता चहा भरलेला स्टीलचा पेला असं सगळं मांडून झोपायला गेले. सकाळी बघते तर पीयूवरचं सगळं ओल्या फडक्याने पुसून निघालं, हळदीची अगदी फिकट सावली तेवढी राहिली. लाख पॉलिशवर पेल्याचं पांढरं गोल वर्तुळ उमटलेलं, आणि ते होणारच, लाख साधारण ७५ अंश सेल्सिअसला मऊ पडते. जवसाच्या पट्ट्यावर हळद पिवळीधम्मक बसली आणि खिळ्याच्या जागी निळसर काळा खिळाच उमटला, डोक्यासकट. हार्डवॅक्सवर तेच, पण खूप फिकं. म्हणजे पहिल्या दिवशी पीयू जिंकलं.

मग मी चारही पट्ट्यांवर भाजीच्या सुरीने एक आडवी रेघ ओढली आणि तो तुकडा पंधरा दिवस गळक्या नळाखाली ठेवला. पीयूच्या रेघेतून पाणी आत शिरलं, थराच्या खाली पसरलं, रेघेच्या दोन्ही बाजूंना बोटभर पांढरं धुरकट झालं आणि खाली लाकूड काळं पडलं, नखाने ओढलं तर पापुद्रा सुटत होता. जवसाच्या पट्ट्यावर रेघ खरखरीत आणि करडी झाली, बस. सुकल्यावर १८० नंबरच्या सँडपेपरने दोन मिनिटं घासलं, तेलाचा एक हात दिला, दुसऱ्या दिवशी ती रेघ मलाच शोधावी लागली. पीयूचा मात्र पूर्ण पट्टा काढावा लागला, मधेच पॅच मारला तर कडा दिसतात. आता तुमच्या साडेसात फुटी ओट्यावर हे आणा डोळ्यांपुढे. विळीचे पाय सरकणार, खोवणी आपटणार, पाट्याचा नाही तरी मिक्सरचा बूड घासणार, म्हणजे अशी रेघ पहिल्या महिन्यातच पडणार, आणि तिथून पाणी आत गेलं की मग पॉलिशवाल्यालाच बोलवा, सगळं घासून काढा, चार दिवस किचन बंद.

पॉलिशवाल्याचं दहा वर्षांचं गणित जेवणाच्या टेबलाला आणि कपाटाला लागू पडतं, तिथे मी स्वतः पीयूच मारते. ओट्याला नाही.

आता कोकणातली एक खास अडचण. नुसतं कच्चं जवसाचं तेल पावसाळ्यात बुरशीला आवडतं. कुडाळात जून ते सप्टेंबर हवा ओलीकच्च असते, तेव्हा त्या तेलावर बारीक काळे ठिपके येतात आणि ते घासल्याशिवाय जात नाहीत. म्हणून तुमच्यासाठी पहिली पसंती हार्डवॅक्स ऑइल. जर्मनीचं ऑस्मो किंवा बेल्जियमचं रुबिओ मोनोकोट या त्यातल्या माहितीतल्या कंपन्या. डबा महाग वाटतो पण पातळ लावायचं असतं म्हणून पुरतो, तुमचा ओटा सगळा मिळून पंधरा चौरस फूट, खालच्या बाजूसकट तीस. ऑर्डर देण्यापूर्वी डब्यावर ओट्यासाठी किंवा अन्न ठेवायच्या पृष्ठभागासाठी चालतं असं लिहिलंय ना ते वाचा, त्याच कंपनीचं फरशीचं तेल वेगळं असतं.

बजेटमध्ये बसत नसेल तर जवसही चालेल, पण मग काम डिसेंबर ते फेब्रुवारीत उरकायचं म्हणजे पावसाआधी निदान तीन महिने ते पक्कं वाळायला मिळतात. घाण्यावरचं खायचं जवस तेल आणि रंगाच्या दुकानातलं 'डबल बॉइल्ड' यातला फरक लक्षात ठेवा, दुकानातलं तेल नुसतं उकळलेलं नसतं, त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंचे ड्रायर घातलेले असतात. त्यामुळे ते एका दिवसात वाळतं आणि घाण्याचं तेल आठ-दहा दिवस घेतं. अन्नाशी थेट संबंध येणाऱ्या भागाला मी घाण्याचंच वापरते आणि थांबते. विदर्भात जवस पिकतं, नागपूरकडचं कोणी ओळखीचं असेल तर चांगलं तेल मागवून घ्या.

लावायची पद्धत. सुताराने रंधा मारून दिला असेल तरी पेपर मारायचाच, ८०, १२०, १८० असा, आणि नेहमी लाकडाच्या रेषेनेच, आडवं घासलं तर ते ओरखडे तेल लावल्यावर उठून दिसतात. १८० च्या फार पुढे जाऊ नका, लाकूड काचेसारखं गुळगुळीत झालं की तेल आत जात नाही. मग ओल्या फडक्याने पूर्ण ओटा पुसा, सुकू द्या, हाताला बारीक केस उभे राहिल्यासारखे लागतील, ते पुन्हा १८० ने हलकेच काढा. ही पायरी सगळे टाळतात आणि मग पहिल्यांदा ओटा पुसला की तक्रार करतात की खरखरीत झाला.

सागाला स्वतःचं तेल असतं, ते बाहेरून लावलेल्या तेलाला वाळू देत नाही. म्हणून लावण्याच्या अगदी आधी, तासभर आधी नाही, फडक्यावर थिनर किंवा ॲसिटोन घेऊन पृष्ठभाग पुसून घ्या, फडकं पिवळं-तपकिरी होईल, तेच ते तेल. खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅस बंद, आजूबाजूला देवघरातला दिवासुद्धा नको.

मग तेल लावायचं, वीस मिनिटं मुरू द्यायचं आणि उरलेलं सगळं, अक्षरशः सगळं, कोरड्या सुती कापडाने पुसून काढायचं. वर चमकणारं तेल राहिलं की ते चिकट होऊन बसतं. जवसाचे पाच हात, दोन हातांमध्ये पहिला पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं. हार्डवॅक्स बहुतेक दोन हातांत होतं. फळ्यांची जी कापलेली टोकं असतात, डावी-उजवी बाजू, ती स्ट्रॉसारखी पाणी ओढतात, त्यांना दोन-तीन हात जास्त द्या. आणि खालची बाजू विसरू नका. वरून बंद आणि खालून उघडा असेल तर खालून दमट हवा शोषून ओटा वाकतो. सुताराला विचारा की खालचे स्क्रू लांबट खाचेत बसवलेत का, कारण दोन फूट रुंदीचा साग उन्हाळ्यातून पावसाळ्यात जाताना चार-पाच मिलिमीटर सहज फुगतो आणि त्याला सरकायला जागा नसेल तर तो फुटून जागा करतो.

आणि आता जे सांगतेय ते कृपा करून घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. जवस किंवा हार्डवॅक्स पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, त्यात उष्णता निघते, आणि बोळा केलेल्या फडक्यात ती उष्णता बाहेर जाऊ शकत नाही, साठत जाते, आणि काडी न लावता फडकं पेट घेतं. माझ्या वर्कशॉपमध्ये एका उन्हाळ्यात मुलाने संध्याकाळी फडकी पोत्यात कोंबून ठेवली होती, मी चावी विसरले म्हणून रात्री नऊला परत गेले तर दाराखालून धूर येत होता. पोत्याच्या मध्यभागी हात घातला तर आत निखारे. शेजारी थिनरचा डबा होता. तेव्हापासून आमच्याकडे फडकी बाहेर दोरीवर एकेक सुटी वाळत घालतात, कडक झाली की मगच कचऱ्यात, नाहीतर सरळ झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून. तुम्ही पण असंच करा.

गरम भांड्याचं तेवढं लक्षात ठेवा, कुठल्याच फिनिशला तवा चालत नाही. कुकरच्या आतच १२० अंशांच्या आसपास तापमान असतं, बूड त्याहून तापलेलं. लाकडाला डाग पडतो तो पडतोच. गॅसशेजारी ग्रॅनाइट आहे ना, कुकर तिथेच उतरवा.

प्रश्न : आमची आजी पोळपाटाला आणि लाकडी काठवटीला शेंगदाण्याचं तेल लावायची. मग ओट्याला तेच का नको? किंवा खोबरेल? — सांगली

उत्तर : आजीचं तेव्हा बरोबर होतं कारण पोळपाट रोज वापरात, रोज पुसला जातो, रोज नवं तेल-तूप लागतं, जुनं तेल साचून राहायला वेळच मिळत नाही. ओट्याला एकदा भरपूर लावून महिने काढायचे असतात. शेंगदाणा, तीळ, सूर्यफूल ही तेलं लाकडात नीट वाळून कडक होत नाहीत, काही दिवसांनी खवट वास यायला लागतो आणि चिकट थरावर धूळ बसते. खोबरेल लवकर खवट होत नाही हे खरं, पण तेही वाळत नाही, पाणी पुसता पुसता निघून जातं, आणि थंडीत थिजून पांढरं दिसतं.

न वाळणारं पण खवटही न होणारं काही हवं असेल तर मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं, तेच पोटासाठी देतात ते. चार भाग पॅराफिन, एक भाग मधमाशीचं मेण, वजनाने. पातेल्यात पाणी उकळवून त्यात वाटी ठेवून वितळवायचं, थेट गॅसवर नाही. हे पोळपाट, काठवट, चॉपिंग बोर्ड, लाकडी डाव यांना उत्तम. ओट्यालाही चालतं पण दर दोन-तीन आठवड्यांनी लावत राहायची तयारी हवी, आणि मेण ६२-६४ अंशांना वितळतं त्यामुळे गरम चहाच्या पातेल्याखाली ते ओलसर होतं. एक गोष्ट, एकदा पॅराफिन मुरलेल्या लाकडावर नंतर पीयू किंवा हार्डवॅक्स धरत नाही. आधी ठरवा, मग लावा.

प्रश्न : ठाण्याला फ्लॅट, दोन वर्षांपूर्वी इंटीरियरवाल्याने सागाच्या ओट्याला पीयू करून दिलं. सिंकच्या कडेला पांढरं झालंय, काही ठिकाणी काळं, आणि थर सुटतोय. फक्त तेवढ्याच भागाला पुन्हा पीयू मारता येईल का?

उत्तर : मारता येईल, पण सहा महिन्यांत पुन्हा हेच होईल, कारण ओल अजून आतच आहे आणि तुम्ही तिच्यावर झाकण घालाल.

आधी नळाचं बूड आणि सिंकची कडा कुठून गळतेय ते शोधा, सिलिकॉन सुटलं असेल तर काढून नवीन भरा. मग सुटलेला पीयू स्क्रॅपरने काढा आणि पूर्ण ओटा ८० नंबरने लाकडापर्यंत घासून घ्या. हे काम धुळीचं आहे, साधा कापडी मास्क पुरत नाही, चांगला एन-९५ घ्या. लाकूड आठ-दहा दिवस पंख्याखाली सुकू द्या, घाई करू नका. या आठवड्यात किचनमध्ये गैरसोय होईल, मला माहितीये, पण ओल्या लाकडावर काहीही लावलं तरी पैसे वायाच.

काळे डाग घासून जात नसतील तर ते लोखंडाचे असू शकतात. सागात टॅनिन (लाकडातला तुरट घटक) असतं, त्याचा ओल्या लोखंडाशी संबंध आला की काळीशार शाई तयार होते, सिंकचे लोखंडी क्लॅम्प, स्क्रू, धुऊन पालथी घातलेली कढई, काहीही. त्यावर ऑक्सॅलिक ॲसिड हा उपाय आहे, केमिकलच्या दुकानात पांढरे स्फटिक मिळतात. कोमट पाण्यात दोन चमचे एक कप या मानाने विरघळवून ब्रशने पूर्ण फळीला लावा, नुसत्या डागाला लावलं तर तिथे उजळ ठिपका दिसतो. अर्ध्या तासात काळं फिकं होताना डोळ्यांदेखत दिसतं. मग भरपूर पाण्याने दोन-तीनदा पुसून काढा. हे विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा लागतोच, किचनमधलं सगळं खाणं आणि भांडी आधी बाहेर न्या, मुलं आणि मांजर दुसऱ्या खोलीत, आणि वापरलेला चमचा पुन्हा स्वयंपाकात आणायचा नाही. सुकल्यावर घासताना मास्क, कारण उरलेले स्फटिक नाकात जातात.

त्यानंतर हार्डवॅक्स. सिंकभोवतीच्या कडेला, जिथे लाकडाचा काप उघडा असतो, तिथे जेवढं पिईल तेवढं पाजा, पिणं थांबलं की पुसा.

प्रश्न : मेलामाइन करून घेतलं तर पीयूपेक्षा स्वस्त पडेल असं सांगतायत. — अहिल्यानगर

उत्तर : स्वस्त पडेल, पण ओट्याला नको. पाण्यापुढे ते पीयूपेक्षा कमी टिकतं, आणि वाळताना फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतं, तो नाक-डोळे चुरचुरणारा वास तोच. शोकेसला ठीक.

प्रश्न : पुण्यात आमचा वाडा पाडला, त्यातल्या दिंडी दरवाजाची फळी मी जपून ठेवलीये. त्यावर रंगाचे सात-आठ थर आहेत, हिरवा, निळा, मग पांढरा. ती नवीन फ्लॅटच्या किचनमध्ये ओटा म्हणून बसवायचीये. घासून तेल लावलं की झालं ना?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी फोटो दोनदा मोठा करून बघितला, त्या फळीवरच्या खिळ्यांच्या रांगा आणि मधोमध कडी आपटून आपटून झालेला खोलगट चंद्र! ती ठेवलीत हे फार चांगलं केलंत. पण लगेच घासायला घेऊ नका.

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको हा नियम २०१६ चा, तो लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून, म्हणजे तुमच्या फळीवरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. तो रंग कोरडा घासला की शिशाची धूळ घरभर होते आणि लहान मुलांच्या मेंदूला ती कायमची इजा करते. ब्लो-लॅम्पने जाळायचाही नाही, वाफ तितकीच वाईट. केमिकल पेंट रिमूव्हर लावा, रंग फुगला की ओला असतानाच स्क्रॅपरने काढा, कागदात गोळा करून पिशवीत बांधा, आणि हे सगळं फ्लॅटमध्ये नाही, बाहेर. घरात गरोदर बाई किंवा छोटं मूल असेल तर ज्याला या कामाची माहिती आहे अशा माणसाकडे द्या, तुम्ही हात लावू नका.

रंग निघाला तरी जुन्या लाकडाच्या छिद्रांत थोडा राहतो. म्हणून या फळीच्या बाबतीत मी माझाच नियम मोडते, हिच्यावर कणीक मळू नका, चिरू नका. ती ब्रेकफास्ट काउंटर करा आणि तिला पीयूच मारा, मॅट, तीन कोट. इथे अखंड थर हवाय, खालचं काही वर येऊ नये म्हणून, आणि काउंटरवर सुरी-विळी चालणार नाही त्यामुळे थर टिकेलही. फवारा मारणाऱ्या माणसाला चांगला मास्क घालायला लावा, हार्डनरमधली रसायनं फुप्फुसाला वाईट असतात. पूर्ण पक्कं व्हायला दोन आठवडे द्या.

खिळे काढताना हिसकू नका, आधी हलकेच आत ठोकून गंज सोडवा, मग ओढा. एखादा तुटला तर खोल ठोकून भोक भरा, उघडा राहिलेला खिळा पुढे काळा डाग देतो. तो खोलगट चंद्र मात्र भरू नका.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. भाड्याचं नाही, स्वतःचं घर, ४० मिलिमीटर जाडीचा ओकचा ओटा आधीच्या मालकांनी बसवलेला. पांढऱ्या चिनी मातीच्या सिंकच्या दोन्ही बाजूंना काळं पडलंय. आणि हळदीचे डाग! इथले लोक डॅनिश ऑइल लाव म्हणतात.

उत्तर : ओकमध्ये टॅनिन सागापेक्षाही भरपूर, त्यामुळे तिथे हा काळेपणा घरोघरी दिसतो. ठाण्याच्या उत्तरातला ऑक्सॅलिक ॲसिडचा उपाय तुम्हालाही तसाच लागू. ओट्याची कडा सिंकवर थोडी पुढे आलेली असेल तर तिच्या खालच्या बाजूला हात फिरवून बघा, तिथे पाणी परत आत येऊ नये म्हणून एक बारीक खाच हवी, थेंब तिथे तुटून खाली पडतो. नसेल तर सुताराकडून मारून घ्या, फिनिशपेक्षा त्या खाचेने जास्त फरक पडेल.

डॅनिश ऑइल हे काही ठरलेलं एक तेल नाही, प्रत्येक कंपनी तेल, व्हार्निश आणि थिनर आपापल्या प्रमाणात मिसळते. चालतं, चार-पाच पातळ हात द्या आणि सिंकच्या भागाला दर तीन महिन्यांनी एक. आळस येणार असेल तर हार्डवॅक्सच घ्या. डिशवॉशर ओट्याच्या खाली असेल तर वर वाफ लागू नये म्हणून मध्ये फॉइलचा पडदा लावलाय का बघा. हिवाळ्यात हीटिंग चालू झाल्यावर हवा कोरडी पडून जोडात बारीक फट दिसली तर घाबरून पुट्टी भरू नका, उन्हाळ्यात ती मिटते आणि भरलेली पुट्टी मग बाहेर ढकलली जाते.

हळदीचं ऐका. पहिली चूक सगळे करतात ती म्हणजे साबण. साबणाने, सोड्याने पिवळा डाग क्षणात लाल होतो, कुंकू जसं हळदीचं बनवतात तसंच ते. घाबरू नका, लिंबाचे दोन थेंब टाकले की परत पिवळा. मग पुसून त्या भागावर ऊन येऊ द्या. हळदीचा रंग उजेडापुढे टिकत नाही, आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन दिवसांत जातो. तिकडे खिडकीतून जेवढं येतं तेवढ्यावर आठवडा-दोन आठवडे लागतील, पण जातो.

प्रश्न : मी युट्युबवर बघून जवसाचं तेल लावलं, महिना झाला तरी ओटा चिकट आहे, पिठाचे ठसे उमटतात. सगळं वाया गेलं का? — नाशिक

उत्तर : अजिबात वाया गेलं नाही. तेल जास्त झालंय आणि पुसायचं राहिलंय, एवढंच. रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आणा, जाडसर सुती कापडावर घेऊन रेषेने जोर लावून पुसा, कापड बदलत राहा, चिकटपणा बोटाला लागेनासा होईपर्यंत. जिथे साय धरल्यासारखा थर झालाय तिथे स्टीलची पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड तिरकं धरून खरवडा. पंखा लावून आठवडाभर सोडा. मग १८० ने हलका हात, आणि त्यानंतर तेलाचा एकच हात, इतका पातळ की लावून पुसल्यावर लावलं की नाही अशी शंका यावी.

पुढे परत कधी लावायचं ते ओटाच सांगतो. रात्री काम आटोपल्यावर चार ठिकाणी पाण्याचा थेंब टाका आणि पाच मिनिटं थांबा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर काही नको. पसरून लाकूड गडद झालं तर तेवढ्याच भागाला, पूर्ण ओट्याला नाही, एक हात द्या, पुसा, आणि फडकं बाहेर दोरीवर सुटं वाळत घाला.